मुठीत मावणारा रोबो: जपानी कॅप्सूल खेळण्यांची घडण आणि गणित

जपानमध्ये रेल्वे स्टेशनाबाहेर, सुपरमार्केटच्या जिन्यालगत, सिनेमागृहाच्या व्हरांड्यात छोटी चौकोनी यंत्रं एकावर एक रचून ठेवलेली दिसतात. शंभर येनची नाणी सरकवायची, मूठ फिरवायची, की खालच्या कप्प्यात प्लास्टिकचा गोळा येऊन पडतो. यंत्राच्या दर्शनी कागदावर सगळे प्रकार छापलेले असतात, त्यामुळे आत साधारण काय असेल ते ठाऊक असतं. त्यातलं नेमकं कुठलं आलं, ते गोळा उघडल्यावरच कळतं. या खेळण्यांना तिकडे ‘गाचा’ किंवा ‘गाशापोन’ म्हणतात. ‘गाशापोन’ हे नाव बांदाई या कंपनीचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे.

या गोळ्यांतून मांजरं निघतात, सुशी निघते, टाचणीएवढे टेलिफोन निघतात. माझा जीव मात्र रोबोंत अडकला आहे. चार-पाच सेंटिमीटर उंचीचे, हातात बंदूक, पाठीवर इंधनाच्या टाक्या, कपाळावर शिंगं असलेले हे रोबो जमवणारे लोक जगभर आहेत. नव्याने जमवायला लागलेल्या माणसाचे प्रश्नही ठरलेले. डोकं एवढं मोठं का? शिंगं रबरासारखी मऊ का? तोच रोबो तीनदा येतो आणि हवा तो येतच नाही, असं का? जुने रोबो हाताला चिकट का लागतात?

या सगळ्यांची मुळं दोन गोष्टींत आहेत: गोळ्याचा व्यास आणि नाण्याची किंमत. गोळ्यात मावलं पाहिजे आणि ठरलेल्या नाण्यांत परवडलं पाहिजे. एवढ्या दोन अटींवर सहा दशकं काम करून जपानी कारागिरांनी एक स्वतंत्र कला उभी केली. त्या अटी समजून घेतल्या की संग्रह करताना पैसेही वाचतात आणि हातातल्या वस्तूमागचं डोकंही दिसू लागतं.

यंत्र आणि नाणं

ही कल्पना मुळात अमेरिकेतली. तिथे च्युइंगगमची यंत्रं होती आणि गमच्या गोळ्यांबरोबर छोटी खेळणीही पडायची. त्यातली बरीच खेळणी जपानमध्येच बनत. १९६५ साली पेन्नी शोकाई नावाच्या टोकियोतल्या कंपनीने अशी यंत्रं जपानमध्ये आणली. नाणं १० येनचं आणि आतली वस्तू अगदी किरकोळ.

यंत्राची रचना बघण्यासारखी आहे. बहुतेक यंत्रांना वीज लागत नाही. मुठीच्या मागे एक खटका असतो आणि तो मूठ अडवून धरतो. योग्य व्यासाचं नाणं खाचेत बसलं की नाण्याची कडाच तो खटका बाजूला ढकलते आणि मूठ फिरू लागते. शंभर येनचं नाणं २२.६ मिलिमीटर व्यासाचं. त्याहून लहान नाण्याने खटका हलत नाही. मुठीला जोडलेले दाते एक आडवी चकती फिरवतात. त्या चकतीला गोळ्याच्या मापाची भोकं असतात. एका फेरीत एकच भोक निसरड्या नळीवर येतं, म्हणून गोळाही एकच पडतो. ठरलेली सगळी नाणी खाचेत बसल्याशिवाय मूठ पूर्ण फेरी घेत नाही. आता मोबाइलवरून पैसे घेणारी यंत्रंही आली आहेत, पण नाण्याचं यंत्र अजून हटलेलं नाही. त्याला ना तार लागते, ना जागेवर माणूस. जिन्याखालच्या दीड फूट जागेतही ते दुकान मांडतं.

चकतीच्या भोकामुळे गोळ्याचं माप पक्कं झालं. प्रचलित गोळे साधारण ४८, ६५ आणि ७५ मिलिमीटर व्यासाचे. ७५ च्या गोळ्याला भिंतीची जाडी असते, शिवाय आतल्या वस्तूला कोपरे असतात. त्यामुळे सलग, ताठ उभा रोबो ठेवायचा तर सहा-सात सेंटिमीटरच्या पुढे जाता येत नाही. त्याने हात पसरलेले असले तर तेवढाही मावत नाही.

किंमतीची अट १९७७ साली बदलली. बांदाई या धंद्यात उतरली तेव्हा बाजारात २० येनची यंत्रं चालत होती. बांदाईने एकदम १०० येन लावले. पाचपट किंमत मागायची तर आतल्या वस्तूतही तेवढा फरक दिसायला हवा, म्हणून टीव्हीवरच्या आणि मासिकांतल्या लोकप्रिय पात्रांचे अधिकृत हक्क घेऊन त्यांच्या छोट्या मूर्ती बनू लागल्या. आजचा संग्राहक ज्या वस्तूंच्या मागे लागतो त्यांची सुरुवात इथे झाली.

मोठं डोकं कुठून आलं

सुरुवातीच्या मूर्ती एकाच रंगाच्या, मऊ पीव्हीसीच्या. त्यांना ‘केशी’ म्हणजे खोडरबर म्हणत, पण त्यांनी पेन्सिलीचं काही खोडलं जात नाही. मुलं शाळेच्या बाकावर बॉलपेनच्या खटक्याने अशाच रबराच्या मोटारी टोलवायची. पुढे १९८३ मध्ये किन्निकुमान या कुस्तीच्या मालिकेतल्या पात्रांच्या केशी आल्या. एकंदर ४१८ प्रकार निघाले आणि सुमारे १८ कोटी नग खपले. सगळ्यांची ठेवण सारखी: उंची जवळजवळ तीच, एकच रंग, रंगकाम शून्य. एका साच्यात कितीतरी मूर्ती ओतायच्या आणि कापून गोळ्यात भरायच्या. १०० येनमध्ये एवढंच बसत होतं, आणि तेवढ्यात ४१८ वेगवेगळे चेहरे ओळखू येतील असं कोरीव काम झालं. त्या शिल्पकारांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

रोबोंच्या बाबतीत एक वेगळीच अडचण होती. मोबाइल सूट गंडम ही मालिका ७ एप्रिल १९७९ रोजी नागोयाच्या वाहिनीवर सुरू झाली. तिच्यातला मुख्य रोबो, गंडम, १८ मीटर उंचीचा. त्याची ४०० पट लहान प्रतिकृती केली तर उंची साडेचार सेंटिमीटर होते. गोळ्यात ती आरामात मावते. पण माणसासारख्या प्रमाणात बनवलेल्या रोबोचं डोकं त्या उंचीला जेमतेम अर्धा सेंटिमीटर उरतं. गंडम ओळखायचा तो डोक्यावरून: कपाळावरच्या व्ही आकाराच्या शिंगांवरून, दोन डोळ्यांवरून आणि हनुवटीच्या लाल तुकड्यावरून. अर्ध्या सेंटिमीटरच्या एकरंगी रबरात यातलं काहीच धड दिसत नाही. हात-पायही काडीसारखे बारीक होतात आणि मऊ रबर वाकून बसतं.

यातून वाट निघाली ती एका वाचकाच्या चित्रांमुळे. कोजी योकोई नावाचा तरुण बांदाईच्या मॉडेलविषयक मासिकाला गमतीदार चित्रं पाठवायचा. त्यांत त्याने रोबोंचं शरीर आखडून डोकं अवाढव्य केलं होतं. एकूण उंची दोन डोक्यांएवढीच. त्या शैलीला ‘सुपर डिफॉर्म्ड’, थोडक्यात एसडी, असं नाव पडलं आणि १९८५ मध्ये एसडी गंडमच्या मूर्ती यंत्रांत आल्या. साडेतीन सेंटिमीटरच्या मूर्तीत निम्मं डोकंच असल्याने शिंगं, डोळे, हनुवटी सगळं ठसठशीत कोरता आलं. हात-पाय आखूड झाले म्हणून वाकेनात. मूर्ती बुटकी आणि बसकट, त्यामुळे मेजावर उभीही राहू लागली. चित्रातली गंमत आणि गोळ्याची अट यांचा इतका नेमका मेळ बसला की एसडी गंडमचं पुढे स्वतंत्र विश्वच तयार झालं. १९८७ मध्ये तर या कॅप्सूल रोबोंवरच व्हिडिओ गेम निघाला.

एक गोष्ट इथेच सांगतो. एसडी रोबो म्हणजे लहान मुलांसाठी केलेली स्वस्त आवृत्ती, असं मानणारे संग्राहक भेटतात. मला ते पटत नाही. अचूक प्रमाणातला रोबो हे मॉडेल किटचं, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांच्या संचाचं, काम आहे, आणि बांदाईने १९८० पासून ते उत्तम केलं आहे. गोळ्याचा खरा रोबो एसडीच. त्याचा आकार गोळ्यातूनच जन्माला आला.

तुकड्यांत येणारा रोबो

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बांदाईने रंगवलेल्या, अधिक बारकाव्याच्या मूर्ती आणल्या आणि किंमत २०० येनवर गेली. पुढे ३००, आणि आता ५०० येन ही रोबोंसाठी सर्रास किंमत आहे. किंमत वाढली तसा गोळ्यावर मात करायचा नवा उपाय आला: रोबो सुटा करून भरायचा.

मोबाइल सूट आन्सांब्ल ही बांदाईची ५०० येनची मालिका याचं चांगलं उदाहरण. गोळा उघडला की प्लास्टिकच्या छोट्या पिशव्या निघतात. धड एका पिशवीत, हात-पाय दुसरीत, शस्त्रं तिसरीत, आणि सोबत घडी घातलेला कागद. जोडायला डिंक नको की पक्कड नको. सांध्यांना बॉल जॉइंट असतात, ते बोटाने दाबले की टक्कन बसतात. पूर्ण रोबो पाच-सहा सेंटिमीटरचा, आणि गुडघे, कोपरं, कंबर, मान सगळं हलतं. मालिकेच्या निरनिराळ्या खेपांतल्या रोबोंचे सांधे एकमेकांना जुळतात, म्हणून याचा हात त्याला लावता येतो. साधारणपणे एका खेपेत पाच प्रकार असतात आणि त्यांतले काही पूर्ण रोबो नसून नुसते शस्त्रांचे संच असतात. नवखा माणूस इथे हिरमुसतो: रोबो हवा होता आणि हातात बंदुका आल्या. पण एवढ्या किंमतीत रोबोलाच सगळी शस्त्रं द्यायची तर त्याचे सांधे किंवा रंग कमी करावे लागले असते.

असा एखादा रोबो भिंगाखाली धरून बघा. निळी छाती, लाल पोट, पांढरे पाय यांतलं बरंचसं रंगवलेलं नसतं. त्या त्या रंगाचं प्लास्टिकच ओतलेलं असतं. रंगाचा हात फक्त जिथे टाळताच येत नाही तिथे. डोळ्यांचा पिवळा ठिपका, छातीवरच्या झरोक्यांच्या रेषा, कपाळावरचा लाल तुकडा. डोळ्यासारखं बारीक काम सिलिकॉनच्या मऊ गादीने ठसा उमटवून करतात. मोठा पट्टा असेल तर धातूचा मुखवटा चढवून फवारणी होते. प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा, वेगळा मुखवटा आणि वेगळे हात लागतात. म्हणून किंमत ठरताना मूर्तीवर रंगाचे किती हात बसणार तेही ठरतं. पाठीमागे बघितलंत तर रंग बहुधा संपलेला असतो. समोरून दिसेल तिथे पैसे खर्च केलेले असतात, आणि ते योग्यच आहे.

शिंगं मऊ असण्याचं कारण दुहेरी. कडक प्लास्टिकचं टोकदार शिंग गोळ्यात आदळून मोडेल, आणि कुणाच्या हाताला टोचेलही. म्हणून शिंगं, तलवारी, बंदुकीच्या नळ्या मऊ पीव्हीसीच्या आणि सांधे घट्ट राहावेत म्हणून ते एबीएससारख्या कडक प्लास्टिकचे. एकाच रोबोत दोन स्वभावांची प्लास्टिकं येतात. पुढे जपणुकीत हीच गोष्ट आडवी येते.

यातला सगळ्यात मोठा खर्च पोलादी साच्याचा. साचा एकदा तयार झाला की त्यातून हजारो नग काढल्याशिवाय तो वसूल होत नाही. एकच रोबो चार रंगांत का निघतो, याचं उत्तर इथे आहे. गंडम मालिकेतला झाकू हा शत्रूपक्षाचा हिरवा, एकाक्ष रोबो. शार नावाच्या सेनानीचा झाकू लालसर, कपाळावर एक शिंग. साचा जवळजवळ तोच, शिंगाचा तुकडा वेगळा आणि प्लास्टिकचा रंग वेगळा. कथेतल्या गरजेला कारखान्याचीही सोय झाली. संग्रहात झाकूंची पलटण जमते ती यामुळे.

सहावा रोबो महाग का पडतो

आता ज्या भागात लोकांचे सर्वाधिक पैसे जातात त्याकडे वळू.

समजा एका यंत्रात सहा प्रकारचे रोबो सारख्या प्रमाणात आहेत आणि एका गोळ्याला ३०० येन पडतात. सहा गोळे घेतले की सहा रोबो, असं मनातल्या मनात कितीतरी जण धरून चालतात. प्रत्यक्षात हा फासा टाकण्याचा खेळ आहे: एक ते सहा हे सगळे आकडे निदान एकदा पडेपर्यंत फासा टाकत राहायचा. सहाच टाकांत सहाही आकडे पडण्याची शक्यता दीड टक्का. म्हणजे शंभरातल्या एखाद-दोघांनाच ते जमणार.

मग सरासरी किती लागतील? पायरी-पायरीने मोजता येतं. पहिला गोळा कुठलाही आला तरी नवाच, म्हणून १. त्यानंतर सहापैकी पाच नवे, म्हणून सरासरी ६ भागिले ५, म्हणजे १.२. मग ६ भागिले ४, म्हणजे १.५. मग २. मग ३. शेवटचा एकच उरला की ६ भागिले १, म्हणजे ६. सगळ्यांची बेरीज १४.७.

बेरजेतले शेवटचे दोन आकडे पुन्हा बघा. पहिल्या चार रोबोंना मिळून सहापेक्षाही कमी गोळे लागतात. शेवटच्या दोघांना नऊ. पैशांत सांगायचं तर सरासरी खर्च ४,४१० येन, आणि त्यातले २,७०० शेवटच्या दोन रोबोंवर. ही झाली सरासरी. २५ गोळे घेऊनही शंभरातल्या सहा जणांचा संच अपुराच राहतो. त्यांचं नशीब खोटं नाही की यंत्रात लबाडी नाही. गणितच असं आहे. ‘आता तरी येईलच’ हे वाक्य मात्र खोटं. फाशाला मागचा टाक आठवत नसतो.

खऱ्या यंत्रात फाशापेक्षा थोडा फरक पडतो. गोळे मोजके असतात आणि बाहेर पडलेला गोळा परत आत जात नाही. खोक्यात सगळे प्रकार सारखे भरलेले असतील तर मोठ्या यंत्रात थोडा फायदा ग्राहकाच्या बाजूने होतो. पण कधीकधी खोक्यातली वाटणीच असमान असते, कधी एखादा गुप्त प्रकार कमी संख्येने घातलेला असतो, आणि भरताना गोळे नीट मिसळले गेले नाहीत तर एकसारखे सलग पडतात. काचेतून पुढच्या गोळ्यात काय दिसतंय ते न्याहाळणारे लोक म्हणून तर दिसतात.

यावरून खरेदीचा एक साधा हिशेब करता येतो. एकूण प्रकार भागिले तुमच्याकडे नसलेले प्रकार, गुणिले एका गोळ्याची किंमत: यंत्रातून पुढचा नवा रोबो तुम्हाला सरासरी इतक्याला पडणार. तीन कमी असतील तर ६००, दोन असतील तर ९००, एकच उरला तर १,८०० येन. टोकियोत नाकानो ब्रॉडवे आणि अकिहाबारा इथल्या दुकानांत गोळे फोडून, ओळखून, किंमत लावून ठेवलेले सुटे रोबो मिळतात. शेवटचा रोबो तिथे ८०० येनला दिसला की ‘३०० ची वस्तू ८०० ला कशाला’ असं वाटतं खरं. पण यंत्रापाशी तो १,८०० ला पडणार होता. माझी रीत अशी: निम्मा संच यंत्रातून, उरलेला सुट्या बाजारातून. मूठ फिरवण्याचा आनंद पहिल्या काही गोळ्यांत पुरेपूर मिळतो.

याहून चांगली वाट म्हणजे जोडीदार. दोघांनी वेगवेगळे संच पूर्ण करायचे तर मिळून सरासरी २९.४ गोळे लागतात. दोघांनी एकाच ढिगात जमवून शेवटी वाटून घेतले तर २४.१ पुरतात, कारण एकाचा डबल, म्हणजे दुसऱ्यांदा आलेला तोच रोबो, दुसऱ्याच्या कामी येतो. माणसं वाढतील तसा फायदाही वाढतो.

पुन्हा न मिळणारी वस्तू

हे रोबो चिरंतन विक्रीला नसतात. निर्माते काही महिने आधी यादी काढतात, वितरक आणि यंत्रं चालवणारे ऑर्डर देतात, आणि साधारण तेवढाच माल बनतो. दर महिन्याला शेकडो नवे प्रकार येतात, म्हणून यंत्रातली जागा पटापट रिकामी करावी लागते. काही लोकप्रिय मालिका पुन्हा निघतात, बहुतेक निघत नाहीत. दुर्मीळपणाचं कारण अनेकदा इतकंच असतं की त्या महिन्यात ऑर्डर कमी आली. दुर्मीळ म्हणजे सुंदर असं नाही, आणि मुबलक म्हणजे टाकाऊ तर मुळीच नाही. हिरवा झाकू कुठेही मिळतो, तरी त्याच्याइतकी चांगली मूर्ती क्वचितच सापडते.

प्रत्यक्ष जाण्याचा योग असेल तर अकिहाबारातलं गाचापोन काईकान आणि इकेबुकुरोच्या सनशाइन सिटीतलं बांदाईचं मोठं दालन चुकवू नका. हे दालन २०२१ मध्ये ३,०१० यंत्रांसह उघडलं आणि तो गिनेस विक्रम ठरला. नारिता विमानतळावर २०१६ मध्ये ताकारा तोमी आर्ट्स या खेळण्यांच्या कंपनीने यंत्रांची रांग लावली, ती परतीच्या प्रवाशांच्या खिशातली उरलेली नाणी डोळ्यांसमोर ठेवून. नाणी परकी चलन म्हणून सहसा बदलून मिळत नाहीत. रोबो घेतलेला बरा.

उकाडा, पावसाळा आणि प्लास्टिक

आपल्याकडे हे रोबो आणल्यावर खरी परीक्षा हवामानाची. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ करायला त्यात तेलासारखं द्रव्य मिसळतात, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. हे द्रव्य पीव्हीसीशी रासायनिक बंधाने बांधलेलं नसतं, नुसतं मिसळलेलं असतं. काळाबरोबर ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि मूर्ती चिकट लागते. उष्णतेने हा वेग वाढतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या माळ्यावर ठेवलेला खोका म्हणूनच घातक. हवाबंद पिशवीत वर्षानुवर्षं कोंडून ठेवल्यावरही चिकटपणा जास्त दिसतो, कारण बाहेर आलेलं द्रव्य तिथेच साचतं.

उपाय घरातला आहे. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन थेंब टाका, मऊ ब्रशने हलकेच धुवा आणि सावलीत वाळवा. स्पिरिट किंवा थिनर लावू नका, रंग जातो. चिकटपणा काही वर्षांनी परत येईल; पुन्हा धुवायचं.

दुसरा धोका जास्त गंभीर आणि कमी लोकांना माहीत असलेला. पीव्हीसीतून बाहेर आलेलं द्रव्य पॉलिस्टायरीन या कडक प्लास्टिकला विरघळवतं. मऊ तलवार आणि कडक पारदर्शक डबी वर्षभर एकमेकींना टेकून राहिल्या तर डबीवर खड्डा पडतो आणि दोन्ही चिकटून बसतात. केशी मूर्ती वेगवेगळ्या रंगांच्या एकत्र ढिगात ठेवल्या तर एकीचा रंग दुसरीत उतरतो. म्हणून रंगवार वेगळ्या पिशव्या कराव्यात, त्याही पॉलिथिनच्या किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून वेळोवेळी बदलाव्यात. खिडकीतलं ऊन तर नकोच. पांढरं एबीएस पिवळं पडतं आणि तो पिवळेपणा धुऊन जात नाही.

वाकडी तलवार सरळ करणं मात्र फार सोपं. गोळ्यात दाबून बसल्याने ती वाकलेली असते, पण साच्यातून निघाली तेव्हा सरळ होती. साधारण ६० ते ७० अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरली की बघता बघता ती आपोआप मूळ आकाराकडे वळू लागते. उरलेला बाक बोटांनी काढायचा आणि लगेच गार पाण्यात बुडवायची. थंड झालं की आकार टिकतो.

नग ओळखताना

जुना सुटा रोबो विकत घेताना तळपाय, पाठ किंवा मांडीची आतली बाजू बघा. तिथे हक्कधारकांची नावं बारीक अक्षरांत कोरलेली असतात. गंडमवर सोत्सु आणि सनराइज ही नावं येतात. सोत्सु कंपनीचं नाव २००७ पर्यंत ‘सोत्सु एजन्सी’ होतं, तेव्हा ‘एजन्सी’ हा शब्द कोरलेला दिसला तर मूळ साचा त्याआधीचा समजावा. ‘यूजिन’ हे नाव असेल तर तो २००९ च्या आधीचा, कारण त्या वर्षी यूजिनचं ताकारा तोमी आर्ट्स झालं. जुन्या केशींवर जागाच कमी असल्याने खुणा त्रोटक असतात. नकली नग बहुधा अस्सल मूर्तीवरून साचा काढून ओततात. ओतीव माल आक्रसतो, म्हणून नकली किंचित लहान निघतो, त्याच्या कडा बोथट होतात आणि कोरलेली अक्षरं आधी पुसट होतात. अस्सल डबल शेजारी ठेवून उंची ताडली की फरक दिसतो.

आपल्याकडच्या चाळिशी-पन्नाशीतल्या लोकांना जपानी रोबो नवा नाही. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर मनगटी घड्याळातून हुकूम घेणारा जायंट रोबो त्यांनी पाहिलेला आहे. आणि आत काय निघेल याची हुरहुर तर पुढच्या पिढीलाही ठाऊक आहे; किंडर जॉय बारामतीतच बनतं. पण गाशापोन रोबो जमवायचा तर अजून बराचसा भर जपानला जाणाऱ्या-येणाऱ्यांवर किंवा टपालावर. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचं आहे. मोठ्या खोक्याची ऑर्डर देण्याआधी हे आकडे धरून हिशेब करावा. स्वस्तात मिळालेला संच शुल्कासकट अनेकदा महागच पडतो.

जपानहून कुणी आणून देणार असेल तर त्यांना सांगा की रिकामे गोळे तिथेच दुकानातल्या पेटीत टाका, ते परत वापरात जातात आणि बॅगेतली निम्मी जागा वाचते. आतला घडीचा कागद मात्र टाकू नका. संचातले सगळे प्रकार, जोडणीची आकृती, मालिकेचं नाव आणि क्रमांक त्यावरच छापलेले असतात. रोबोसोबत तो कागद असला की वीस वर्षांनीही नेमका कुठला नग आहे ते सांगता येतं; कागद नसलेल्या सुट्या रोबोची ओळख पटवताना जाणकारांनाही घाम फुटतो.